वरच्या मजल्यावरचे तीन दिवस

गणपती हा बुद्धीचा दाता. पण बुद्धी चालवण्याइतकेच ती शांत ठेवणेही अवघड असते, हे मला रेल्वेच्या सिग्नल खात्यात कळले. रात्री-अपरात्री फोन येतो, धावत जावे लागते. एका रात्री डोक्यातल्या गोंगाटात मी भलत्याच पॉइंटची मोटर उघडायला निघालो होतो. हेल्परने हात धरला, "साहेब, हा नव्हे!" त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे दांडिया बाजारातल्या अरविंद निवासात जाऊ लागलो आणि आपल्याच बडोद्यात घडलेला एक प्रसंग वाचनात आला.

अरविंद घोष १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत बडोद्यास आले. १९०४ च्या सुमारास देवधर नावाच्या इंजिनिअर मित्राकडून त्यांनी प्राणायाम शिकून घेतला. (आम्हा इंजिनिअर मंडळींना एवढा अभिमान पुरे!) ते रोज काही तास बसत. पण राजकारणाच्या धकाधकीत साधना सुटली आणि प्रगती थांबली.

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. लोकमान्यांच्या बाजूने उभे राहिलेले अरविंदबाबू तेथून बडोद्याला आले. धाकटे बंधू बारींद्र यांनी तार करून ग्वाल्हेरहून विष्णू भास्कर लेले या मराठी योग्यांना बोलावून घेतले. जानेवारी १९०८ मध्ये सरदार मुजुमदारांच्या वाड्यात, वरच्या मजल्यावरील एका खोलीत दोघे तीन दिवस बसले.

लेल्यांचे सांगणे साधे होते. विचार बाहेरून येतात; ते आत शिरण्याआधीच परतवून लावावेत. आमच्या भाषेत, लाइन क्लियर दिल्याशिवाय गाडी आत घ्यायची नाही! तीन दिवसांत अरविंदांचे मन निःशब्द झाले.

पण पुढे मुंबईत भाषण होते. मन रिकामे, बोलायचे काय? लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. १९ जानेवारी १९०८ चे ते भाषण तसेच झाले. निरोप घेताना लेल्यांनी त्यांना आतल्या मार्गदर्शकाच्या हवाली केले आणि स्वतः बाजूला झाले. शिष्याला आपल्यापाशी बांधून न ठेवणारा असा गुरू विरळाच!

मला यातले मोल वाटते ते वेगळेच. मन शांत झाल्यावर अरविंदबाबूंनी काम टाकले नाही. भाषणे, लेखन चालूच राहिले. मे १९०८ पासून वर्षभर अलीपूरच्या तुरुंगात काढले, तिथेही साधना सुटली नाही. पाँडिचेरीला ते गेले १९१० मध्ये. योग ही कामापासूनची पळवाट नव्हे, काम करणारा माणूस आतून बदलण्याची वाट आहे.

मी सामान्य माणूस. सकाळी पंधरा मिनिटे बसतो. गाड्या येतातच, काही होम सिग्नललाच थांबतात. पण हल्ली पॉइंटपाशी पोचलो की आधी क्षणभर उभा राहतो, नंबर वाचतो, मगच हात लावतो. एवढा बदलही मला पुष्कळ वाटतो.

गणपती बाप्पा मोरया!