सुंदरबन (भारतीय भाग)

गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघनेच्या त्रिभुज प्रदेशाच्या समुद्राकडील टोकावरचे कांदळवन. एकूण क्षेत्र सुमारे १०,००० चौ. किमी.; पैकी जवळपास ६० टक्के बांगलादेशात, उरलेले पश्चिम बंगालच्या उत्तर व दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यांत. भारतीय भागात १०२ बेटे असून ५४ बेटांवर वस्ती आहे. कंपनी सरकारने महसुलासाठी जंगल तोडून शेतकरी वसवले. १८३० च्या सुमारास आखलेली डॅम्पियर-हॉजेस रेषा आजही या प्रदेशाची उत्तर सीमा मानली जाते.

येथील जगणे सुमारे ३,५०० किमी. लांबीच्या बांधांवर टिकून आहे आणि ते बहुतांशी मातीचे आहेत. गाळाने बेटे पुरती उंचावण्याआधीच बांध घातले गेले. तेव्हापासून गाळ शेतात न पसरता पात्रात साचतो, पात्र वर येते आणि मोठ्या भरतीला नदीचे पाणी शेताहून उंच असते. कोकणातली खारबंदिस्ती पाहिलेल्याला हा धोका वेगळा सांगावा लागणार नाही. २५ मे २००९ च्या आयला वादळात बांध फुटून भातखाचरांत खारे पाणी साठले आणि पुढचे काही हंगाम पीक आले नाही. घरचे कर्ते पुरुष मजुरीसाठी केरळ, तमिळनाडू, अंदमानाकडे गेले. मागे राहिलेल्या बायका कमरेएवढ्या पाण्यात जाळे ओढून कोळंबीची पिल्ले, म्हणजे ‘मीन’, गोळा करतात. त्याच ओढाओढीत काठावरची कांदळाची रोपे तुटतात, हे त्यांनाही कळते. पण त्या दिवसाची चूल त्यावरच पेटते. आयलानंतर पक्क्या, रुंद बांधांची योजना आली. ते बांध ज्यांच्या शेतातून जायचे त्यांच्याकडून जमीन मिळवण्यातच बरेच काम अडले. पुढे अम्फान (२०२०) आणि यास (२०२१) ही वादळे आली.

व्याघ्रप्रकल्प १९७३ मध्ये, राष्ट्रीय उद्यान १९८४ मध्ये झाले. १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश, २०१९ मध्ये रामसर दर्जा. संरक्षणाची सर्वांत कटू आठवण मरीचझांपीची. दंडकारण्यातून येऊन या बेटावर वसलेल्या बंगाली निर्वासितांना, त्यांत दलित मोठ्या संख्येने होते, १९७९ मध्ये राज्य सरकारने बळाने हुसकले. कारण राखीव जंगलाचे दिले गेले. मृतांच्या संख्येवर अद्याप एकमत नाही.

बांध पाटबंधारे खात्याकडे, जंगल वनखात्याकडे, विकास सुंदरबन व्यवहार खात्याकडे आणि गाव पंचायतीकडे आहे. मासे, खेकडे व मध यांसाठी जंगलात शिरायला परवाना लागतो. मध काढणारे ‘मौले’ हिंदू असोत वा मुसलमान, आधी वनदेवी बोनबिबीला नमस्कार करतात. होडीचे परवाने मोजकेच असल्याने अनेकजण दुसऱ्याच्या नावावरचा परवाना भाड्याने घेतात, तर कित्येकजण विनापरवानाच जातात. असा माणूस मनाई असलेल्या गाभाक्षेत्रात वाघाने मारला, तर भरपाई दूरच, दंडाच्या भीतीने घरचे पुष्कळदा मृत्यूचे कारणही लपवतात. त्याच्या विधवेला गावात ‘बाघबिधबा’ म्हणतात.