न आलेले वादळ

काही वर्षांपूर्वी दादरच्या एका व्याख्यानात मी मोठ्या आवेशाने सांगून टाकले होते की, जून १८८२ मध्ये मुंबईवर चक्रीवादळ आले आणि लाखभर माणसे दगावली. हा आकडा कितीतरी याद्यांतून छापलेला. तो तपासून पाहावा असे माझ्या मनातही आले नाही. व्याख्यान संपल्यावर लालबागचे एक वृद्ध गृहस्थ, सारा जन्म गिरणीत गेलेले, पुढे आले आणि म्हणाले, "मास्तर, लाख माणसं मेली, तर त्यांना जाळली-पुरली कुठं?"

या प्रश्नाने माझी पुरती पंचाईत झाली. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठ माणसांमागे एक जण गेला असे मानावे लागते! गिरगावात सुतक नाही असे घर उरले नसते. १८९६ च्या प्लेगच्या आठवणी घराघरांतून सांगितल्या गेल्या; मग याच संकटाची आठवण कोणी कशी ठेवली नाही? ॲडम सोबेल आणि त्यांचे सहकारी यांनी हा प्रवाद तपासला, तेव्हा त्याला कसलाही आधार सापडला नाही. कुलाब्याची वेधशाळा तर १८२६ पासून उभी आहे. लाखाचा आकडा एकाने लिहिला, दुसऱ्याने उतरवून घेतला, आणि तिसरा मी.

गृहस्थांना मी चूक कबूल केली, तर ते म्हणाले, "म्हणजे मुंबईला वादळाचं भय नाही म्हणायचं?" ही माझ्या चुकीहून मोठी चूक झाली असती. मे १६१८ मध्ये वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर वारा व समुद्र एकदमच चालून आले, असे जुने वृत्तांत सांगतात. नोव्हेंबर १८५४ च्या वादळात काही तासांत हजारभर माणसे गेल्याची नोंद आहे. नोव्हेंबर १९४८ चे वादळही मुंबईकरांनी भोगले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' अलिबागच्या बाजूला उतरले, म्हणून आपण थोडक्यात बचावलो.

परंतु शे-दीडशे वर्षांची वही अशा विरळ संकटाला अपुरी पडते. त्यापलीकडची वही चिखलाची. वादळी लाट पुळणीवरची वाळू उचलून आतल्या शांत पाणथळीत फेकते. वर्षानुवर्षे साचलेल्या काळ्या गाळात त्या वाळूचा एक फिकट थर राहतो. नळी खुपसून गाळ काढायचा, थर मोजायचे, शिंपल्यांतील कार्बनवरून त्यांचे वय ठरवायचे. त्सुनामीही असाच थर टाकते, तेव्हा जपून वाचावे लागते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी कारवारकडच्या गाळातील सूक्ष्म कवचांवरून जुन्या पावसाळ्यांचा माग काढला. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ठाण्याच्या रानातील सागाची वर्तुळे वाचली.

मुंबईनेही अशी एक वही एकदा उघडली होती. १८७८ मध्ये माझगावकडे प्रिन्सेस गोदीसाठी खोदताना समुद्राच्या गाळाखाली खैराचे शेकडो बुंधे निघाले. पुष्कळसे मुळांसकट उभेच! जिथे जहाजे लागायची, तिथे एके काळी रान होते. पुढे जमीन खचली म्हणा किंवा समुद्र चढला म्हणा.

वरळी आणि परळ यांच्यामधली खाजणे ही दुसरी वही. महालक्ष्मीच्या खिंडारातून भरतीचे पाणी तिथे खेळत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डने ते अडवले, मग भरणी पडली, गिरण्या उभ्या राहिल्या. त्यामुळे १८८२ चा निवाडा हा चिखल करू शकत नाही; समुद्राचे येणे आधीच थांबले होते. तो निवाडा कागदांनीच करावयाचा. चिखलाची साक्ष त्याआधीच्या शतकांची, आणि तिथेही रोजच्या भरतीची वाळू कोणती, वादळाची कोणती, हे निवडणे सोपे नव्हे.

गेल्या वर्षी त्याच गृहस्थांबरोबर मी लोअर परळला एका गिरणीच्या जागी गेलो. टोलेजंग इमारतीसाठी खड्डा खणला होता. तळाशी काळा चिखल आणि त्यात पांढरे शिंपले. त्यांनी कठड्यावरून वाकून विचारले, "हे सगळं कुठं नेतात?"

रखवालदार म्हणाला, "डंपर येतो ना रात्री."

एक शिंपला मात्र त्यांनी खिशात टाकला.