श्रीखंड-उद्योग, महाराष्ट्रातील

श्रीखंड-उद्योग, महाराष्ट्रातील : दह्यातील पाणी निथळून मिळणाऱ्या चक्क्यात साखर आणि वेलदोडा, केशर, जायफळ इ. स्वादद्रव्ये मिसळून तयार होणाऱ्या पक्वान्नाचे व्यापारी प्रमाणावरील उत्पादन. चक्क्यात आंब्याचा रस घातल्यास त्यास आम्रखंड म्हणतात. गुढी पाडवा, दसरा आणि लग्नकार्ये यांपुरते मर्यादित असलेले हे घरगुती पक्वान्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशिष्ट व्यापारी नावाच्या डब्यातून बारमाही विकले जाऊ लागले. हे स्थित्यंतर दुग्धव्यवसायाच्या इतिहासाइतकेच प्रादेशिक आहाराच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे.

पूर्वपीठिका : दही व साखर यांपासून केलेल्या ‘शिखरिणी’ नावाच्या पदार्थाचा निर्देश जुन्या संस्कृत ग्रंथांत आढळतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथातही तो आहे. घरगुती पद्धतीत दही फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवीत आणि मिळालेला चक्का साखरेसह पुरणयंत्रातून किंवा कापडातून गाळून घेत. साखरेमुळे पदार्थ काही काळ टिकतो. तथापि उष्ण व दमट हवेत तो लवकर आंबतो. त्यामुळे दूध मुबलक असेल तेथेच आणि लगेच खपेल इतकेच श्रीखंड करणे भाग असे.

किनारपट्टीची स्थिती : रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा) उरण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या किनारी तालुक्यांत ही अडचण विशेष जाणवे. मुसळधार पाऊस, भाताचे प्रमुख पीक आणि चाऱ्यासाठी मुख्यतः भाताचा पेंढा यांमुळे येथील गुरे अल्प दूध देणारी असत. साहजिकच किनाऱ्यावरील पक्वान्ने दुधाऐवजी नारळ, तांदूळ व गूळ यांवर आधारलेली आहेत, उदा., उकडीचे मोदक, पातोळ्या, शिरवळ्या, नारळीभात. श्रीखंड येथे अपरिचित नव्हते; पण ते करणे खर्चाचे होते, म्हणून त्यास मेजवानीच्या पक्वान्नाची प्रतिष्ठा होती.

व्यापारी उत्पादनाचा प्रारंभ : श्रीखंडाच्या व्यापाराचा पाया घाटमाथ्यापलीकडील कृष्णा-वारणा खोऱ्यात घातला गेला. म्हशींची विपुलता, उसाच्या वाढ्यांचा चारा आणि पुणे-मिरज लोहमार्ग या गोष्टी तेथे अनुकूल होत्या. गायीच्या दुधात एकूण घन पदार्थ साधारणतः १२ ते १३ टक्के, तर म्हशीच्या दुधात सु. १६ ते १७ टक्के असतात. त्यामुळे चक्क्याचा उतारा अधिक पडतो. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये सांगली जिल्ह्यातील भिलवडी येथे दूधधंदा सुरू केला. त्यांचे पुत्र रघुनाथराव व नरसिंह यांनी १९५० मध्ये पुण्यात मिठाईचे दुकान काढले आणि ‘चितळे बंधू’ हे नाव शहरी मध्यमवर्गात रूढ झाले.

दुसरा प्रवाह सहकाराचा होय. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली वारणानगर (जि. कोल्हापूर) येथे साखर कारखान्यापाठोपाठ १९६८ मध्ये वारणा सहकारी दूध उत्पादक प्रक्रिया संघ स्थापन झाला. दूध व साखर हे श्रीखंडाचे दोन्ही मुख्य घटक तेथे एकाच परिसरात उपलब्ध होते. पुढे ‘वारणा’ हे नाव श्रीखंडाशी निगडित झाले. पहिल्या प्रवाहात कुटुंबाची पत, तर दुसऱ्यात सभासद उत्पादकांचे दूध हे व्यवसायाचे मुख्य भांडवल होते.

यांत्रिकीकरण व मानके : फडक्याची पद्धत वेळखाऊ असून तीत चक्क्याची प्रत सारखी राहत नाही व स्वच्छता राखणे कठीण जाते. १९८० च्या सुमारास बडोद्याच्या सहकारी दूध संघाने यूरोपात क्वार्ग नामक मऊ चीज तयार करण्यासाठी वापरले जाणारे केंद्रोत्सारी यंत्र चक्क्यासाठी योजिले. या रीतीत स्निग्धांश काढलेल्या दुधाचे दही लावतात, यंत्राने त्यातील पाणी वेगळे करतात आणि चक्क्यात साखर व घट्ट साय मिसळतात. याच सुमारास भारतीय मानक संस्थेचे श्रीखंडाविषयीचे मानक प्रसिद्ध झाले (१९८०). विद्यमान अन्नसुरक्षा नियमांनुसार साध्या श्रीखंडात एकूण घन पदार्थ किमान ५८ टक्के असावे लागतात. शुष्क भारावर स्निग्धांश किमान ८·५ टक्के, प्रथिने किमान ९ टक्के आणि साखर कमाल ७२·५ टक्के असावी लागते. म्हणजे किमान घनतेच्या १०० ग्रॅ. श्रीखंडात सु. ४२ ग्रॅ. पर्यंत साखर असू शकते. चक्का दुधापासून मिळत असल्याने तो महाग, तर साखर स्वस्त. ही कमाल मर्यादा ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते ती यामुळेच.

परिणाम : शीतगृहे, शीतपेट्या व सुधारलेले रस्ते यांमुळे बंद डब्यातील श्रीखंड किनारपट्टीवरील दुकानांतही मिळू लागले. जे पक्वान्न दुधाच्या टंचाईमुळे दुर्मिळ होते, ते सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले, हा या उद्योगाचा मोठा लाभ होय. त्याची दुसरी बाजूही लक्षणीय आहे. चक्का टांगण्याचे घरगुती कसब मागे पडले आणि आंबटपणा, दाटपणा व गोडी यांतील घराघरांतील भेद कमी होऊन एकच ठराविक चव रूढ झाली. निथळलेल्या पाण्यातील दुग्धशर्करा व प्रथिने वाया जातात आणि ते पाणी तसेच सोडल्यास जलप्रदूषण होते. म्हणून त्याचा पुनर्वापर हा या उद्योगापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय, श्रीखंडाच्या या व्यापारात किनाऱ्याचा वाटा मुख्यतः ग्राहकाचाच राहिला. दुधाचे मूल्यवर्धन घाटापलीकडे झाले आणि त्याचा लाभही प्रामुख्याने तेथील उत्पादकांना मिळाला. नारळ व तांदूळ यांवर आधारलेल्या किनारी पक्वान्नांना मात्र असे संघटित उत्पादन व तितके सर्वदूर पोहोचलेले व्यापारी नाव लाभलेले नाही.