भाषांतर कुणाच्या मालकीचं?

एखादा गेम आपल्याला न येणाऱ्या भाषेत असतो आणि कंपनी तो आपल्या भाषेत आणत नाही. मग काही चाहते एकत्र येतात, रात्री जागून सगळे संवाद भाषांतरित करतात आणि फुकट वाटतात. हे कायदेशीर आहे का? बहुतेकांना 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर हवं असतं. मला त्यामागचा इतिहास जास्त बोलका वाटतो. भाषांतरावर मूळ लेखकाचाच हक्क असतो, ही कल्पना आपण समजतो तेवढी जुनी नाही.

हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी फिलाडेल्फियातल्या एका जर्मन वृत्तपत्राच्या प्रकाशकाने परवानगी न घेता जर्मनमध्ये छापली. स्टो कोर्टात गेल्या आणि १८५३ साली हरल्या. न्यायमूर्ती ग्रिअर यांच्या मते कायदा पुस्तकाच्या नकलेपासून संरक्षण देत होता, आणि दुसऱ्या भाषेतलं पुस्तक ही नक्कल नव्हे. पुढे १८७० मध्ये अमेरिकी कायदा बदलला आणि लेखकांना भाषांतराचा हक्क राखून ठेवता येऊ लागला. १८८६ च्या बर्न करारापासून हा हक्क टप्प्याटप्प्याने अनेक देशांत रुजला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ नुसारही भाषांतराचा हक्क मालकाचाच आहे. शिवाय या कायद्याच्या व्याख्येत कॉम्प्युटर प्रोग्रामसुद्धा 'साहित्यकृती'त मोडतो.

गेम आल्यावर हाच वाद नव्या रूपात उभा राहिला. 'गेम जिनी' नावाचं एक उपकरण निन्टेन्डोच्या कन्सोल आणि कार्ट्रिजच्या मध्ये बसवता यायचं. गेम चालू असताना ते काही आकडे बदलायचं, म्हणजे खेळाडूला जास्त लाइव्ह्ज मिळायच्या. ते विकणाऱ्या गलूब कंपनीला निन्टेन्डोने आव्हान दिलं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने गलूबच्या बाजूने निकाल दिला. स्विच बंद केला की बदल नाहीसे होतात, उपकरणात गेमचा कुठलाही भाग कायमचा उतरत नाही, म्हणून ही स्वतंत्र नवी कृती नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

सहा वर्षांनी त्याच कोर्टासमोर 'ड्यूक न्यूकेम ३डी' आला. या गेमसोबत लेव्हल बनवायचं साधन मिळायचं आणि खेळाडूंनी आपल्या लेव्हल्स फुकट वाटायला हरकत नव्हती. 'मायक्रो स्टार' कंपनीने खेळाडूंच्या अशा ३०० लेव्हल्स गोळा करून 'न्यूक इट' नावाच्या सीडीवर विकायला काढल्या. त्या फाइल्समध्ये मूळ गेमची चित्रं नव्हती. कुठे काय दिसेल, याच्या सूचना फक्त होत्या. तरीही १९९८ मध्ये मायक्रो स्टार हरली. कोर्टाने म्हटलं की या लेव्हल्स म्हणजे ड्यूकच्या कथेचे पुढचे भाग आहेत, आणि पुढचे भाग काढण्याचा हक्क मालकाचा.

चाहत्यांचं भाषांतर बहुधा 'पॅच' म्हणून वाटलं जातं. पॅच म्हणजे फरकांची यादी: मूळ गेमच्या फाइलमध्ये अमुक जागी अमुक मजकूर टाका. मूळ गेम त्यात नसतो, तो खेळाडूने स्वतः मिळवायचा. आम्ही कुणाची फाइल वाटत नाही, हा बचाव इथूनच येतो. पण मला हा पॅच गेम जिनीपेक्षा 'न्यूक इट'च्या जवळचा वाटतो. भाषांतरात मूळ कथेचं वाक्यन्‌वाक्य उतरलेलं असतं, आणि ते स्विच बंद केल्यावर पुसलं जात नाही.

तरीही प्रत्यक्षात काय घडतं, ते कायद्याच्या पुस्तकापेक्षा मालकाच्या मनावर ठरतं. 'मदर ३' हा शिगेसातो इतोई यांनी लिहिलेला गेम २००६ मध्ये फक्त जपानमध्ये आला. इंग्रजीची वाट पाहून थकलेल्या चाहत्यांनी क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक भाषांतरकाराच्या पुढाकाराने ऑक्टोबर २००८ मध्ये आपला पॅच प्रसिद्ध केला. निन्टेन्डोने त्यांना थांबवलं नाही. पुढे २०१३ मध्ये मँडेलिन यांनी, अधिकृत आवृत्ती निघणार असेल तर आपलं भाषांतर कंपनीला फुकट द्यायची तयारीही दाखवली.

मदर ३ चा पॅच आला, त्यानंतर सात महिन्यांनी दुसऱ्या चाहत्यांवर वेगळीच वेळ आली. 'क्रोनो ट्रिगर' या गेमच्या फाइलमध्ये बदल करून त्यांनी 'क्रिमझन एकोज' नावाचा नवा भाग रचला होता. प्रकाशन काही आठवड्यांवर असताना, मे २००९ मध्ये, स्क्वेअर एनिक्सची काम थांबवण्याची नोटीस आली आणि प्रकल्प बंद पडला. दोन्हीकडे निष्ठा तीच होती, पैसे कुणीच घेत नव्हतं. एकाला मुभा मिळाली, दुसऱ्याला नाही. मुभा देणाऱ्याला ती कधीही काढून घेता येते. म्हणून कंपनीच्या मौनाला परवानगी समजणं मला धोक्याचं वाटतं.

हा प्रश्न मराठीत गेम खेळू पाहणाऱ्यांचाही आहे. जिथे बाजार मोठा, तिथे कंपनी स्वतः भाषांतरकार नेमते. जिथे तो लहान, तिथे बऱ्याचदा चाहताच पहिला भाषांतरकार असतो. आपल्या कायद्याला भाषेची ही अडचण अगदीच अनोळखी नाही. कलम ३२ नुसार साहित्यकृती प्रसिद्ध होऊन सात वर्षं झाली आणि मालकाने ती एखाद्या भाषेत आणली नाही, तर काही अटींवर, मोबदला देऊन, भाषांतराचा परवाना मागता येतो. गेममध्ये शब्दांबरोबर चित्रं, संगीत आणि आवाजही असतात, त्यामुळे हे कलम तिथे जसंच्या तसं बसत नाही. पण वाचकाच्या भाषेचाही काही दावा असतो, हे त्यामागचं तत्त्व महत्त्वाचं आहे.

त्या दाव्याला वाट करून देणाऱ्या कंपन्याही आहेत. 'माइनक्राफ्ट'च्या जावा आवृत्तीचा मजकूर स्वयंसेवक कंपनीच्या संमतीने अनेक भाषांत आणतात. तिथे भाषांतरकाराला नोटिशीची धास्ती नसते आणि कंपनीला फुकटात नवे खेळाडू मिळतात. म्हणून मराठीत एखादा गेम आणायचं मनात असेल, तर पहिली ओळ भाषांतरित करण्याआधी ज्याचा तो गेम आहे त्याला एक पत्र लिहावं. उत्तर आलं नाही तर निदान आपण कुठे उभे आहोत, ते माहीत असेल. आणि 'हो' आलं, तर मुभेच्या जागी परवानगी हातात असेल.