काडीमोड, कायदा आणि विवाहाचा निश्चय

विवाह ठरविताना कुळ, वय, शिक्षण, देणेघेणे या साऱ्यांची चर्चा आमच्या घरांत मोकळेपणाने होते. परंतु हा संबंध पुढे न जुळल्यास बाहेर पडण्याची वाट कोणती, हा प्रश्न मात्र कोणी मुखावाटे काढीत नाही. मंगलकार्याच्या प्रसंगी तो अशुभ वाटतो. तथापि त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा परिणाम विवाहाचा निश्चय करणाऱ्याच्या मनावर झाल्यावाचून राहत नाही. घटस्फोट सुलभ झाला की लोक विवाहास लेखीनासे होतात, हा आक्षेप जुनाच आहे. आमच्या अल्प समजुतीप्रमाणे इतिहासाची साक्ष निराळी आहे. विवाहेच्छूचे पाऊल अडते ते कायदा सैल असल्यामुळे नव्हे, तर तो संदिग्ध असल्यामुळे.

पालघर तालुक्यातील एडवणचा किनारा पाहावा. केळवे-माहीमपासून दातिवऱ्यापर्यंतच्या या पट्टीत मांगेले, वैती, भंडारी, वाडवळ यांची वस्ती. पूर्वेस डोंगराकडे वळले की वारली आणि कातकरी. पांढरपेशा घरांत विवाह हा अभंग संस्कार मानला जाई. परंतु जुन्या ठाणे जिल्ह्यातील अनेक श्रमजीवी ज्ञातींत काडीमोड आणि पाट हे दोन्ही शब्द घरगुती होते. पंचांसमक्ष काडी मोडावी, देज किंवा लग्नाचा खर्च परत करावा, आणि स्त्रीने पाट लावण्यास मोकळे व्हावे, अशी ती रीत. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी स्त्री घरची कमावती असते. तिच्या जाण्यायेण्याचा हिशेब पंचांपुढे उघडपणे होई, यात नवल नाही.

मग या लोकांस विवाहाची किंमत नव्हती काय? वारल्यांत खर्चाअभावी जोडपी कित्येक वर्षे एकत्र राहत आणि पुढे ऐपत आली म्हणजे धवलेरीच्या गाण्यांनी विधिपूर्वक लग्न लागे, हे खरे. परंतु याच लग्नाच्या खर्चासाठी कर्ज काढून उत्तरेकडील डहाणू-उंबरगाव भागातील कित्येक वारली सावकाराच्या घरी लग्नगडी म्हणून वेठीस बांधले गेले. १९४५ साली सुरू झालेल्या वारल्यांच्या लढ्याने त्या दास्यावर घाव घातला. ज्या लग्नासाठी मनुष्य स्वतःस गहाण ठेवतो, ते त्यास कवडीमोल होते असे कोण म्हणेल?

या व्यवस्थेत इंग्रजी न्यायालयाने हात घातला. १८६० च्या दंडसंहितेच्या ४९४ व्या कलमान्वये पती हयात असता पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीस सात वर्षांपर्यंत कैद होऊ शके. हिंदू पुरुषास मात्र अनेक स्त्रिया करण्याची मुभा असल्याने त्यास हे कलम लागू पडत नसे. १८६४ साली गुजरातेतील तळपदा कोळी ज्ञातीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ठरविले की, पतीच्या संमतीवाचून दुसरे घर करण्याची ज्ञातीची चाल ग्राह्य नाही. १८७६ साली संभू रघूच्या खटल्यात न्यायालय याहून पुढे गेले. विवाह मोडण्याचा किंवा पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा ज्ञातीचा अधिकार आम्ही मानीत नाही, आणि पंचांच्या परवानगीवर प्रामाणिक विश्वास होता हा बचावही चालणार नाही, असा तो निर्णय होता. म्हणजे काल जो पाट गावाच्या साक्षीने लागे, तोच आज फौजदारी गुन्हा ठरू शके. अशा स्थितीत पाट लावू पाहणाऱ्याने पंचांच्या शब्दापेक्षा पहिल्या नवऱ्याच्या सोडचिठ्ठीचा आग्रह धरावा, हे स्वाभाविकच होय. निर्णयाची किल्ली पंचांच्या हातून निघाली ती स्त्रीच्या हाती न येता पतीच्या हाती गेली.

याच काळातील रखमाबाईंची कथा प्रसिद्ध आहे. त्यांच्या विधवा मातेने ज्ञातीच्या रीतीने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. परंतु बालपणी लागलेल्या लग्नातून सुटण्याची वाट कन्येस मिळाली नाही. १८८७ साली न्यायालयाने पतीकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. दादाजींनी पुन्हा लग्न केले. रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि आजन्म एकट्या राहिल्या.

पुरुषाची ही वाट १९४६ साली मुंबई इलाख्याच्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याने बंद केली आणि पुढल्याच वर्षी घटस्फोटाचा कायदा आला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दोन्ही तत्त्वे देशभर नेली, आणि २९ व्या कलमात रूढीने मिळणारा घटस्फोटही राखून ठेवला. अनुसूचित जमातींस तर हा कायदा सरकारने तसे जाहीर केल्यावाचून लागूच होत नाही. १९७६ साली परस्पर संमतीचा घटस्फोट आला.

तथापि संदिग्धता सरली नाही. रूढी राखली, पण ती सिद्ध करण्याचा भार तिचा आधार घेणाऱ्यावर पडला. मुद्रांकाच्या कागदावर लिहिलेली सोडचिठ्ठी रूढी सिद्ध न झाल्यास निरर्थक ठरते, आणि तिच्या भरवशावर केलेला दुसरा विवाहही अवैध होतो. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका खटल्यात, पहिली पत्नी हयात असता लग्न केलेल्या स्त्रीस पोटगी नाकारली. पतीने पहिले लग्न लपविले असल्यास अशा स्त्रीस पोटगी मिळावी, असे त्याच न्यायालयाने २०१३ साली म्हटले. परंतु तोवर किती घरे उद्ध्वस्त झाली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

बाहेरची वाट उघडी असल्याने संसार मोडत नाहीत. ती वाट आहे की नाही हेच ठाऊक नसल्याने मोडतात. म्हणून एडवणची मांगेलीण असो की मुंबईची पदवीधर कन्या, दुसऱ्या विवाहाचा निश्चय करण्यापूर्वी तिच्या वडीलधाऱ्यांनी पत्रिकेइतक्याच काळजीने एक कागद पाहावा: पहिल्या विवाहाचा शेवट न्यायालयाच्या हुकुमाने झाला आहे, की केवळ लोकांच्या तोंडी शब्दाने? हा प्रश्न अशुभ नव्हे. तो न विचारल्याची किंमत आजवर बहुतेक स्त्रीनेच मोजली आहे.