झिंग्याची वाट: आवळी ते बंगालचा उपसागर

आज जायचंय लाखांदूर तालुक्यातल्या आवळीला. चुलबंद आणि वैनगंगेच्या संगमावरचं छोटंसं गाव. पूर आला की त्याचं बेट होतं, मग डोंग्याशिवाय रस्ता नाही.

तिथं भातावर झिंग्यांचा झणझणीत रस्सा ओरपला आणि प्रश्न पडला, समुद्र इतका लांब, मग नदीत झिंगे कुठून?

तर ऐका. वैनगंगा-गोदावरीतल्या मोठ्या झिंग्याची इवली पिल्लं गोड्या पाण्यात वाढत नाहीत. त्यांना खाडीचं मचूळ पाणी लागतं. म्हणून पुरासोबत वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास, आणि जरा मोठं झालं की उलट्या धारेनं चढत परत. शेकडो किलोमीटर, भाऊ!

ही वाट अडत गेली. १८५२ मध्ये आर्थर कॉटनचा धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण झाला. आंध्रातली शेती त्यानं बहरली, हे मान्यच. १९८८ मध्ये राजीव गांधींनी गोसीखुर्दची पायाभरणी केली. २०१९ मध्ये गोदावरीवर मेडीगड्डा आलं.

गोसीखुर्द आवळीच्या वरच्या अंगाला. त्याची ३३ दारं उघडली की खालच्या गावांच्या पोटात गोळा येतो; ऑगस्ट २०२० चा पूर आठवा. पण पूर ओसरल्यावर शेतीचा पंचनामा तरी होतो. ढिवरांचं शेत म्हणजे नदी, आणि नदीचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो.

माझ्या ताटातला झिंगा खरंच समुद्र पाहून आलेला, की तळ्यात बियाणं सोडून वाढवलेला? खाण्याच्या नादात विचारायचं राहिलंच.