मान्ना

बायबलच्या निर्गम या पुस्तकात (अध्याय 16) इस्राएल लोकांना रानात मिळालेले अन्न. मिसरच्या गुलामीतून सुटलेले हे लोक सीनच्या रानात भुकेने कुरकुरू लागले. मिसरात निदान पोटभर खायला होते, असा त्यांचा सूर. त्या संध्याकाळी लावे पक्षी आले आणि सकाळी दव उडाल्यावर जमिनीवर बारीक कण दिसले : धण्याएवढे, पांढरे, मध घातलेल्या पोळीच्या चवीचे. ते दळून, कुटून, शिजवून खात, असे गणना या पुस्तकात म्हटले आहे.

कथेचा भर चमत्कारापेक्षा वाटपाच्या नियमांवर आहे. माणशी एक ओमर (सुमारे दोन लिटरचे माप), तेही त्या दिवसापुरते. उद्याच्या धास्तीने ठेवलेल्यात अळ्या पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे व ते टिके. सातव्या दिवशी काहीच पडत नसे. तरी काही जण त्या दिवशीही शोधायला गेलेच. दहा आज्ञा पुढे अध्याय 20 मध्ये येतात. म्हणजे या लोकांना शब्बाथ (सातव्या दिवसाची विश्रांती) आधी शिध्याच्या हिशेबातून कळला.

सिनाईत झाऊच्या झुडपांवरील खवले किडी गोड स्राव सोडतात. कीटकशास्त्रज्ञ बोडेनहायमर यांनी 1927च्या मोहिमेत त्याचा मान्नाशी संबंध जोडला. पण कथेत सांगितलेला चाळीस वर्षे पुरणारा साठा त्यातून सिद्ध होत नाही.

शब्बाथ पाळणारे कोकणातले बेने इस्रायल ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मात्र भांडून मिळवावी लागली : नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईत 1890 साली रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढे 1948च्या कारखाना अधिनियमाने (कलम 52) सुट्टीचा वार बदलण्याची मुभा ठेवली, पण सुट्टीविना सलग दहा दिवसांहून अधिक काम घेण्यास मनाई केली.

मान्नाच्या कथेत विश्रांतीच्या आदल्या दिवशी दुप्पट शिधा हातात पडतो. बिनपगारी सुट्टी घेणाऱ्या रोजंदारी मजुराच्या वाट्याला यातला अर्धाच नियम येतो.